डॉली पार्टनचा ‘नाइन टू फाइव्ह अँड ऑड जॉब्ज’ पहिल्यांदा ऐकताय? मग असा ऐका

ज्यांनी कंट्री म्युझिकचा, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांचा, अख्खा अल्बम आजवर कधीच ऐकला नाही, एखादं गाणं रीलमध्ये कानावर पडलंय तेवढंच, आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला कुणी विचारलं की मी कायम एकच नाव सांगते: अमेरिकन गायिका डॉली पार्टनचा ‘नाइन टू फाइव्ह अँड ऑड जॉब्ज’, नोव्हेंबर १९८०. ऑड जॉब्ज म्हणजे मिळेल ते, पडेल ते काम. दहा गाणी आहेत आणि जवळपास सगळी पोटापाण्याची, म्हणजे ऑफिस आहे, शेत आहे, कोळशाची खाण आहे, गाड्यांचा कारखाना आहे, कुंटणखानासुद्धा आहे, आणि नोकरीपायी घरापासून लांब राहणं तर आहेच. गंमत अशी झालीय की पहिलं गाणं इतकं तुफान चाललं की बाकीची नऊ त्याच्यामागे झाकली गेली, लोक पहिलं ऐकतात, खूश होतात आणि निघून जातात. माझं म्हणणं एवढंच की निघून जाऊ नका, ते गाणं दार आहे, घर आत आहे.

आधी शफल बंद करा

हे सगळ्यात पहिलं. अल्बम एका दिशेने जातो, उजेडातून सुरू होतो, हळूहळू आत आत अंधारात नेतो आणि शेवटी परत अंगणात आणून सोडतो, क्रम मोडला की हे काहीच कळत नाही. मूळ रेकॉर्डला दोन बाजू होत्या, एकीकडे पाच, दुसरीकडे पाच. पाचवं गाणं संपलं की माणूस उठायचा, तबकडी उलटायचा आणि परत येऊन बसायचा, तुम्हीपण तिथे दोन मिनिटं थांबा, चहा टाका. नंतरच्या आवृत्तीत शेवटी बोनस गाणी जोडलेली आहेत, ती पहिल्या वेळी नकोत, ‘पुअर फोक्स टाउन’ संपलं की बंद. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपासचा मामला आहे, म्हणजे ऑफिसातून घरी येता येता होऊन जातो.

आणि पहिल्या वेळी शब्द शोधून वाचत बसू नका. डॉलीचे उच्चार टेनेसीच्या डोंगरातले आहेत, सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ दे. दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवा. मी उलटं केलं होतं, आधी वाचलं आणि मग ऐकलं, आणि मग गाण्यात जिथे धक्का बसायला हवा तिथे तो बसलाच नाही, कारण मला आधीच सगळं माहीत होतं.

गाणारी कोण आहे ते थोडं माहीत असू द्या

डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, टेनेसी राज्यातल्या सेव्हियर काउंटीतला. बारा भावंडं, ही चौथी. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. हिच्या जन्माच्या वेळी जो डॉक्टर आला त्याची फी वडिलांनी मक्याच्या पिठाची पिशवी देऊन भागवली, हे ती स्वतः कितीतरी वर्षं सांगत आलीय. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती कंट्री संगीताचं माहेरघर असलेलं नॅशव्हिल गाठायला निघाली. पुढे १९९५ मध्ये तिने लहान मुलांना फुकट पुस्तकं पाठवायची योजना सुरू केली तीसुद्धा वडिलांना वाचता येत नव्हतं ते मनात ठेवून.

हे का सांगतेय, कारण तिचे चमचमते कपडे, तो केसांचा डोलारा बघून वाटतं हिला काय माहीत कष्ट. तिला माहीत आहेत. हा अल्बम ऐकताना ती पिठाची पिशवी डोक्यात ठेवा.

पहिलं गाणं: नखं ऐका

आता ‘नाइन टू फाइव्ह’ लावा. याच नावाचा सिनेमा डिसेंबर १९८० मध्ये आला, जेन फोंडा, लिली टॉमलिन आणि डॉली, तीन ऑफिसात काम करणाऱ्या बायका आणि एक नालायक बॉस. नाव आलं ते बॉस्टनच्या एका खऱ्या संघटनेवरून, ऑफिसात क्लार्क-टायपिस्ट म्हणून राबणाऱ्या बायकांनी १९७३ मध्ये ती काढली होती, पगार कमी, बढती नाही, वरून साहेबाचा चहा-कॉफीपण यांनीच करायचा, त्याविरुद्ध. डॉलीचा हा पहिलाच सिनेमा, आणि काम करीन पण टायटल गाणं मीच लिहिणार अशी तिची अट होती.

शूटिंगच्या मधल्या वेळात हातात गिटार नसायची, तर तिने काय केलं, आपली लांब नकली नखं एकमेकांवर घासून ठेका धरला. टकटक, खरखर, अगदी टाइपरायटरसारखा आवाज. त्या ठेक्यावर गाणं रचलं आणि रेकॉर्डिंगमध्येही तो नखांचा आवाज ठेवला.

तुम्ही स्वतः करून बघा. बागेत सकाळी काका लोक केस गळू नयेत म्हणून दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत बसलेले असतात ना, तसंच करा, फक्त ठेक्यात आणि कानाजवळ हात नेऊन. बारीक, कोरडा आवाज येतो. आता हेडफोन लावून गाणं परत ऐका, पियानो एका जागी ठोकत राहतो आणि त्याच्या मागे तो आवाज शोधा. एकदा सापडला की दर वेळी तोच ऐकू येतो. मी दिवसभर अकाउंट्समध्ये कीबोर्ड बडवते, त्यामुळे मला तो आवाज बाजूच्या टेबलावरून आल्यासारखा वाटतो.

गाणं आनंदी वाटतं, पण शब्द दुसऱ्या वेळी नीट बघा. बाई झोपेतून कशीबशी उठतेय, स्वयंपाकघरात धडपडत जातेय, कपात कॉफीऐवजी उमेद ओतून घेतेय, आणि मग पुढे तक्रारच तक्रार: डोकं आपलं वापरतात, श्रेय दुसरा घेतो, साहेबाच्या शिडीची आपण एक पायरी. नाचत नाचत केलेली तक्रार आहे ही. फेब्रुवारी १९८१ मध्ये हे अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या नंबरवर गेलं, नुसत्या कंट्रीच्या यादीत नाही, दोन ग्रॅमी मिळाले, ऑस्करचं नॉमिनेशन पण.

कान कशाला लावायचा

खरं कंट्री ऐकणारे या अल्बमवर थोडे नाराज असतात, फार पॉप झालाय म्हणतात. प्रोड्यूसर म्हणून नाव आहे माइक पोस्टचं, टीव्ही मालिकांच्या टायटल संगीतासाठी गाजलेला माणूस, त्यामुळे आवाज तसा चकचकीत आहे. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण नव्या माणसासाठी मला हे उलट सोयीचं वाटतं, ड्रम्स, ब्रास, पियानो हे कानाला ओळखीचं असतं, एकदम फिडल (गावाकडच्या ढंगाचं व्हायोलिन) आणि बँजो अंगावर येत नाहीत.

मग यात कंट्री कुठे आहे? गोष्ट सांगण्यात. एक सोपी युक्ती सांगते, कुठल्याही कंट्री गाण्याला चालते. सुरुवातीच्या चार-सहा ओळींत तीन गोष्टी शोधा: बोलणारं माणूस कोण, ते कुठे आहे आणि पोटासाठी काय करतं. चांगला लिहिणारा हे तिन्ही पटकन देऊन टाकतो. मग कडव्यांमध्ये गोष्ट पुढे सरकते आणि ध्रुवपद तेच येतं, पण गोष्ट पुढे गेल्यामुळे त्याच ओळीचा अर्थ दर वेळी थोडा बदललेला असतो.

पहिली बाजू, आणि त्या बाजूवरचं माझं सगळ्यात लाडकं गाणं

दुसरं ‘हश-अ-बाय हार्ड टाइम्स’ डॉलीने लिहिलंय, नावातच अंगाई आहे, वाईट दिवसांना थोपटून झोपवायची. सहज ऐका, पुढे चला.

तिसरं ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’, ते कुंटणखान्याचं. हे बऱ्याच जणांनी द ॲनिमल्स बँडचं ऐकलेलं असतं, १९६४ चं, त्यात बोलणारा पुरुष आहे. पण गाणं जुनं, लोकांच्या तोंडचं आहे आणि कितीतरी जुन्या रूपांमध्ये बोलणारी मुलगी असते. १९३७ मध्ये केंटकीतल्या मिडल्सबरोला लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या ॲलन लोमॅक्सने हे रेकॉर्ड केलं ते जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या, खाणकामगाराच्या मुलीच्या आवाजात. डॉली ते परत बाईच्या तोंडी देते. संगीत जरा झगमगीत आहे, मला तेवढं आवडत नाही, पण कामाच्या अल्बममध्ये या गाण्याला जागा देणं, म्हणजे हेही काम आहे, यातही कुणाचं तरी शरीर झिजतंय हे म्हणणं, हे १९८० मध्ये धाडसाचंच.

आता चौथं, ‘डिपोर्टी’. इथे थांबा. आवाज वाढवा.

डिपोर्टी म्हणजे देशाबाहेर घालवून दिलेला माणूस. २८ जानेवारी १९४८ ला कॅलिफोर्नियात एक विमान ओकलंडहून दक्षिणेकडे मेक्सिकोच्या सीमेच्या दिशेने निघालं होतं, सरकारने भाड्याने घेतलेलं. त्यात २८ मेक्सिकन शेतमजूर होते, कुणाचं काँट्रॅक्ट संपलेलं, कुणाकडे कागद नव्हते, फळं तोडायचा सीझन संपला की त्यांना परत पाठवायचे. लॉस गॅटोस खोऱ्यात हवेतच आग लागून विमान कोसळलं. सगळे ३२ जण गेले. देशभर जी बातमी गेली त्यात पायलट, को-पायलट, एअर होस्टेस आणि इमिग्रेशनचा गार्ड, या चौघांची नावं होती. बाकीचे २८ म्हणजे नुसते ‘डिपोर्टी’.

लोकगायक वुडी गथ्री तेव्हा न्यू यॉर्कला होता, बातमी ऐकून त्याने कविता लिहिली आणि त्या बिननावाच्या माणसांना स्वतःच्या मनाने नावं दिली आणि त्यांना निरोप दिला, नावं घेऊन. जवळपास दहा वर्षांनी मार्टिन हॉफमन नावाच्या एका शिक्षकाने त्याला चाल लावली आणि पीट सीगर या दुसऱ्या लोकगायकाने ती गावोगावी नेली.

शब्द वाचाल तेव्हा अगदी सुरुवातीची संत्री बघा. पीक निघालंय, पीच सडतायत, आणि संत्र्यांचे ढीग क्रिओसोटमध्ये पडलेत. क्रिओसोट म्हणजे लाकूड किडू नये म्हणून चोपडतात ते काळं, उग्र वासाचं तेल. भाव पडू नये म्हणून माल टाकून द्यायचा आणि टाकलेला माल कुणी उचलून खाऊ नये म्हणून वर ते ओतायचं. म्हणजे ज्यांनी संत्री तोडली त्यांना विमानात बसवून हाकलायचं आणि संत्र्यांवर तेल. दोन ओळींत हे सगळं. मी इतक्या वेळा ऐकलंय तरी तिथे माझा घसा दाटतो.

त्या २८ जणांना फ्रेस्नोच्या होली क्रॉस स्मशानभूमीत एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं होतं, वर दगड होता पण नावं नव्हती. लेखक टिम हर्नांडेझने बाकीच्यांच्या मदतीने नावं शोधली आणि २०१३ मध्ये तिथे नवा दगड बसला, २८ नावांचा. म्हणजे १९८० मध्ये डॉलीने गायलं तेव्हा दगडावर त्यांचं एकही नाव नव्हतं. हे लक्षात ठेवून तिचा आवाज ऐका, ती इथे कुठेही ताकद दाखवत नाही, हळू गाते, शेजारच्या घरातली बातमी सांगावी तसं.

एक तांत्रिक गोष्ट, ज्यांना ताल कळतो त्यांच्यासाठी: या गाण्याची चाल तीन-तीनच्या ठेक्यात आहे, आपल्या दादऱ्यासारखी झुलती. हाताने मोजून बघा. पुढे खाणीचं गाणं येईल, तेही तीनचंच. पाळण्यासारखा झोका आणि शब्द असे.

पाचवं ‘सिंग फॉर द कॉमन मॅन’, डॉलीची बहीण फ्रीडा पार्टन आणि मार्क अँडरसन यांनी लिहिलेलं, सगळ्या साध्या माणसांसाठी गा म्हणणारं. डिपोर्टीनंतर लगेच ते ऐकायला मला जड जातं, पण बाजू संपवायला ठीक आहे. चहा.

दुसरी बाजू

‘वर्किंग गर्ल’ हे पुन्हा डॉलीचं आणि पुन्हा नाचतं, पहिल्या गाण्याची धाकटी बहीण समजा. त्यात फार रेंगाळायची गरज नाही.

मग ‘डेट्रॉइट सिटी’. डॅनी डिल आणि मेल टिलिस यांनी लिहिलेलं, १९६३ मध्ये बॉबी बेअरने गाजवलेलं. दक्षिणेतल्या गरीब शेतीतून, डोंगरातून माणसं उत्तरेकडच्या कारखान्यांत जायची, केंटकी-टेनेसीकडून डेट्रॉइटला जाणाऱ्या त्या वाटांना लोक हिलबिली हायवेच, म्हणजे डोंगरातल्या गावंढळांचा रस्ता, म्हणायचे. गाण्यातला माणूस दिवसा गाड्या बनवतो आणि रात्री बारमध्ये बसतो. घरी पत्र लिहितो की मी मजेत आहे, पत्रं वाचून घरच्यांना वाटतं पोरगा शहरात मोठा माणूस झाला. आणि हा एकटा पडलाय, कापसाची शेतं स्वप्नात येतायत, घरी जायचंय.

हे समजायला मला काहीच लागलं नाही. माझे वडील सातारा जिल्ह्यातून पिंपरीत फिटर म्हणून आले, चौघांत एक खोली, तीन शिफ्ट. आजीकडे त्यांची पोस्टकार्डं होती, मी लहानपणी पाहिलीयत, सगळ्यांची पहिली ओळ सारखी, ‘इकडे सर्व खुशाल’. एका कार्डावर त्या ओळीतला ‘खु’ दोनदा गिरवलेला, शाई पसरलेली, जणू पेन तिथेच टेकवून थांबलेत. त्या महिन्यात त्यांचं बोट मशिनमध्ये आलं होतं, हे आजीला दिवाळीत ते घरी गेले तेव्हा कळलं. तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, कार्ड नाही तर फोनवरचं ‘बरं चाललंय’ असेल. ते आठवून हे गाणं ऐका.

आठवं ‘बट यू नो आय लव्ह यू’, माइक सेटलचं, आधी केनी रॉजर्स आणि त्याच्या फर्स्ट एडिशन या बँडने गायलेलं. वरवर प्रेमगीत वाटतं आणि लोक म्हणतात हे कामाच्या अल्बममध्ये कशाला. पण शब्द ऐका, माणूस कामापायी गावोगाव फिरतोय, माया आहे पण नुसत्या मायेवर घर चालत नाही, दोघांच्या मध्ये पैसा उभा आहे. डॉलीच्या आवाजात हे १९८१ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिलं आलं.

आणि मग खाण. ‘डार्क ॲज अ डंजन’ मर्ल ट्रॅव्हिसचं, १९४६ चं. ट्रॅव्हिस केंटकीतल्या म्यूलेनबर्ग काउंटीचा, वडील कोळशाच्या खाणीत. रेकॉर्ड कंपनीला लोकगीतांचा अल्बम हवा होता, तर याने स्वतःच नवीन गाणी लिहिली, आणि ती इतकी अस्सल निघाली की लोकांना शेकडो वर्षांपूर्वीची वाटली. ‘सिक्स्टीन टन्स’ पण त्याचंच. गाण्यात म्हातारा खाणकामगार तरुण पोरांना सांगतोय की या कामाची चटक लावून घेऊ नका, दारूसारखी लागते, मग रक्तात भिनते आणि आयुष्य तिथेच जातं. कडवी पुढे जातात आणि शेवटी तो म्हणतो, मी मरेन, युगं उलटतील, माझं शरीर काळं पडून त्याचाच कोळसा होईल, आणि मी स्वर्गाच्या दारातून खाली बघेन तेव्हा कोणीतरी खाणकामगार माझीच हाडं खणत असेल आणि मला त्याची कीव येईल. स्वतःची नाही, त्याची.

हे ऐकलं की दोन मिनिटं पुढचं गाणं लावू नका, पॉज करा.

मग शेवटचं ‘पुअर फोक्स टाउन’, डॉलीचं. गरिबांच्या गावात पैसा नाही पण माणसं एकमेकांना धरून आहेत, असं. एरवी कुणी असं म्हटलं तर मला पटत नाही, गरिबीत गोड काही नसतं. पण खाणीच्या अंधारातून वर आल्यावर, आणि ती बारा भावंडांतली आहे हे माहीत असताना, तिच्या तोंडून मी ते ऐकून घेते.

दुसऱ्या दिवशी काय करायचं

दुसऱ्या दिवशी अख्खा अल्बम नको. फक्त ‘डिपोर्टी’, ‘डेट्रॉइट सिटी’ आणि ‘डार्क ॲज अ डंजन’, या वेळी शब्द समोर ठेवून. अडलेला शब्द तिथेच थांबून बघा, क्रिओसोटसारखा एखादा शब्द कळला नाही तर अख्खं कडवं हातातून जातं. चुकूनही भाषांतर ॲपमध्ये सगळं गाणं टाकू नका, शब्द शब्द करून बघा आणि ओळ स्वतः जुळवा.

त्यानंतर जुनी रूपं लावा. ‘डेट्रॉइट सिटी’ बॉबी बेअरचं लावा, पुरुषाच्या जाड आवाजात तेच घरी जायचंय किती वेगळं वाटतं बघा. इथवर आलात की पुढचे रस्ते आपोआप दिसतात: लोरेटा लिनचं ‘कोल मायनर्स डॉटर’, केंटकीतल्या खाणकामगाराच्या मुलीने स्वतःच्याच घरावर लिहिलेलं. मर्ल हॅगर्ड, ज्याचा जन्म १९३७ चा, रेल्वेच्या जुन्या डब्याचं घर केलं होतं त्या घरातला, त्याचं ‘वर्किन मॅन ब्लूज’ आधी ऐका. जॉनी कॅशचा १९६३ चा ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’, तोही पूर्ण कामगारांवरचा अल्बम, आणि १९६८ मध्ये फोल्सम तुरुंगात कैद्यांसमोर त्याने जे गायलं त्यात ‘डार्क ॲज अ डंजन’ आहे.

पण त्याच्याआधी मर्ल ट्रॅव्हिसचं मूळ रेकॉर्डिंग ऐकाच, नुसती गिटार आणि त्याचा आवाज. गाण्याच्या आधी तो थोडं बोलतो. गावी गेलो होतो म्हणतो, मला जन्मापासून ओळखणारा एक म्हातारा भेटला, तो म्हणाला पोरा तू किती नशीबवान आहेस तुला कळत नाही, चांगलं काम मिळालंय तुला, आमच्यासारखं या डोंगरांखालून पोट खणून काढावं लागत नाही. असं थोडं बोलतो आणि मग गायला लागतो.